तीच चूक पुन्हा का येते? पोर्तुगीजभाषकांचं इंग्रजी दुरुस्त करताना

‘माय सिस्टर लिव्ह्ज विथ युअर हजबंड.’

ब्राझीलमधल्या साओ पाउलोजवळच्या एका गावात परिचारिका असलेल्या माझ्या विद्यार्थिनीने गृहपाठात हे वाक्य लिहून पाठवलं. तिला म्हणायचं होतं, बहीण स्वतःच्या नवऱ्यासोबत राहते. मी ‘युअर’च्या जागी ‘हर’ केलं आणि पुढे गेले. पुढच्या आठवड्यात ‘माय ब्रदर अँड युअर सन’ आलं. त्यानंतर ‘द डॉक्टर फरगॉट युअर ग्लासेस’. चष्मा डॉक्टरांचाच होता.

पुण्यात दुपारचे साडेचार वाजले की तिच्याकडे सकाळचे आठ वाजलेले असतात. रात्रपाळी संपवून, घरी येऊन ती तासाला बसते. इतकी मनापासून शिकणारी बाई तीच चूक चार महिने करत राहते, तेव्हा दोष तिच्या कष्टांत नसतो, माझ्या दुरुस्तीत असतो. हे कळायला मला उशीर लागला. तुमच्यापैकी कुणी ब्राझील किंवा पोर्तुगालच्या लोकांना ऑनलाइन इंग्रजी शिकवत असाल, किंवा तिकडच्या सहकाऱ्यांबरोबर रोज इंग्रजीत काम करत असाल, तर या चुका तुम्हाला नक्की भेटल्या असतील. त्या कुठून येतात आणि माझ्या अनुभवात कशाने थांबतात, ते इथे लिहिते. पोर्तुगीज शब्द साधारण साओ पाउलोकडच्या उच्चाराप्रमाणे दिले आहेत.

आधी काय करून पाहिलं, तेही सांगायला हवं, कारण बहुतेक जण तेच करतात. मी सर्वनामांचा तक्ता दिला. तो तिला पाठ होता. रिकाम्या जागा भरायला दिल्या, वीसपैकी वीस बरोबर आल्या. मग बोलताना प्रत्येक चुकीला थांबवायला लागले, तर दोन तासांतच ती अडखळत, अगदी तोलून मापून बोलायला लागली. तक्ता येतो, सराव येतो आणि तरीही बोलताना चूक होते, याचा अर्थ चूक इंग्रजीत नाहीच. ती आधीच्या पायरीवर झालेली असते.

मी तिला म्हटलं, हेच वाक्य पोर्तुगीजमध्ये सांग. ती म्हणाली, ‘मिन्या इर्मां मोरा कों ऊ सेऊ मारीदू.’ सगळा घोळ त्या ‘सेऊ’मध्ये होता.

‘सेऊ’ म्हणजे त्याचा, तिचा, त्यांचा, आणि ब्राझीलमध्ये सगळ्यात आधी ‘तुमचा’. याचं कारण आपल्याला चटकन समजेल असं आहे. ब्राझीलमध्ये समोरच्याला ‘वोसे’ म्हणतात. हा शब्द ‘वोसा मेर्से’ या जुन्या आदरार्थी संबोधनाचा झिजलेला अवतार. मूळ संबोधन ‘आपली कृपा’ अशा वळणाचं असल्यामुळे त्याच्यापुढे क्रियापद तृतीय पुरुषी येतं आणि मालकीचा शब्दही तृतीय पुरुषीच. आता मराठीत म्हणून पाहा: ‘माझी बहीण आपल्या नवऱ्यासोबत राहते.’ आपल्याला यात काही खटकत नाही. पण मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाने ‘आपला म्हणजे आदरार्थी तुमचा’ एवढंच पाठ केलं असेल, तर तोही इंग्रजीत ‘युअर हजबंड’च लिहील. माझ्या विद्यार्थिनीने नेमकं हेच केलं होतं. शाळेत पहिल्या दिवशी शिकलेली ‘सेऊ म्हणजे युअर’ ही जोडी तिच्या डोक्यात पक्की बसली होती, आणि ‘सेऊ’ आला की दुसरं दार उघडतच नव्हतं.

याच चुकीचा दुसरा नमुना म्हणजे ‘पेद्रू लव्ह्ज हर मदर’, जिथे आई पेद्रूचीच असते. पोर्तुगीजमध्ये मालकीचा शब्द वस्तूचं लिंग घेतो, मालकाचं नाही. आई स्त्रीलिंगी म्हणून ‘सुआ’, भाऊ पुल्लिंगी म्हणून ‘सेऊ’. इंग्रजीत बरोबर उलट, तिथे फक्त मालक पाहायचा. मराठी मात्र दोन्ही सांभाळते: ‘तिचा’ यातलं ‘ति’ मालकिणीकडे पाहतं आणि ‘चा’ वस्तूकडे. त्यामुळे मराठी माणसाला ‘हिज’ आणि ‘हर’ कधी अवघड जात नाहीत, आणि समोरच्याला ते का जातात हेही कळत नाही. पोर्तुगीजभाषक शब्दाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहत असतो. ‘मालक कोण ते बघ’ असं नुसतं सांगितलं तर तो दोन क्षण बघतो, आणि वाक्य लांबलं की जुनी नजर परत येते.

उपाय पोर्तुगीजमध्येच सापडला. मी तिला विचारलं, ‘घरी आईशी बोलताना हे वाक्य कसं म्हणशील?’ ती लगेच म्हणाली, ‘ऊ मारीदू देला.’ नवरा, तिचा. ‘देला’ म्हणजे तिचा, ‘देली’ म्हणजे त्याचा, ‘देलिस’ म्हणजे त्यांचा. रोजच्या बोलण्यात ब्राझीलचे लोक हेच वापरतात. नीट, शुद्ध बोलायचं म्हटलं की ‘सेऊ’ येतो. आणि इंग्रजीच्या तासाला माणूस मनात नीट, शुद्ध भाषाच बोलत असतो. म्हणून नियम असा ठरवला: मनातल्या वाक्यात ‘सेऊ’ किंवा ‘सुआ’ आला की आधी पोर्तुगीजमध्येच ‘देला’ किंवा ‘देली’ करून बघायचं. बदल बसला तर इंग्रजीत ‘हर’ किंवा ‘हिज’. बसलाच नाही, म्हणजे खरोखर समोरच्या माणसाबद्दल बोलणं चालू आहे, तर ‘युअर’. तीन आठवड्यांत तिच्या लिहिण्यातून ही चूक गेली. बोलण्यातून जायला आणखी दोन महिने लागले.

तेव्हापासून माझी पद्धत ठरून गेली आहे. चूक दुसऱ्यांदा आली की इंग्रजी वाक्याला हात लावायचा नाही, आधी ते पोर्तुगीजमध्ये वदवून घ्यायचं. तुम्हाला ती भाषा येत नसली तरी चालतं, शब्दशः अर्थ विद्यार्थ्यालाच विचारायचा. दहा मिनिटं जातात, पण बहुतेक वेळा एखादा असा शब्द हाती लागतो ज्याला इंग्रजीत तीन-चार दारं असतात.

‘पेरदेर’ घ्या. ‘पेरदी आ शावी’ म्हणजे किल्ली हरवली. (ही ‘शावी’ म्हणजे आपली चावीच. आपल्याकडे शब्द आला तेव्हा पोर्तुगीजांचा उच्चार ‘च’ होता, पुढे तो ‘श’ झाला.) ‘पेरदी ऊ ओनिबुस’ म्हणजे बस चुकली. सामना हरला तरी ‘पेरदेर’, वेळ वाया गेला तरी ‘पेरदेर’. म्हणून ‘आय लॉस्ट द बस’ आणि ‘आय लॉस्ट द क्लास’ ही वाक्यं येत राहतात. इथे मराठी शिक्षकाला मोठा फायदा आहे, कारण हरवणं, चुकणं, हरणं आणि वाया घालवणं हे आपण आपसूक वेगळं करतो. ‘इस्पेरार’मध्ये वाट पाहणं, आशा करणं आणि अपेक्षा ठेवणं अशी तीन कामं एकत्र आहेत. ‘गान्यार’मध्ये जिंकणं, कमावणं आणि भेट मिळणं, त्यामुळे पगाराबद्दल बोलताना ‘आय विन टू थाउजंड’. अशा शब्दांच्या याद्या करून दिल्या तर पाठ होतात आणि उपयोगाला येत नाहीत. मी कार्डाच्या एका बाजूला अख्खं ‘पेरदी ऊ ओनिबुस’ लिहायला लावते आणि मागे ‘आय मिस्ड द बस’. नुसता ‘पेरदेर’ कार्डावर कधीच येऊ द्यायचा नाही.

आता सारख्या दिसणाऱ्या शब्दांबद्दल. हिंदीतली ‘शिक्षा’ ऐकून मराठी मूल दचकतं, किंवा ‘संसार’ म्हणजे जग हे कळेपर्यंत हिंदी धडा विचित्र वाटतो, तसंच पोर्तुगीज आणि इंग्रजीचं आहे. लॅटिनचा वारसा पोर्तुगीजला थेट मिळाला आणि इंग्रजीला मोठ्या प्रमाणात फ्रेंचच्या हातून, त्यामुळे शब्द एका घराण्यातले पण वाढले वेगवेगळ्या गावांत. याचं सगळ्यात ठळक उदाहरण दारावर लावलेलं असतं. ब्राझीलमध्ये दारावर ‘पूशी’ अशी पाटी असते, अर्थ ‘ओढा’. इंग्रजीत ‘पुश’ म्हणजे ढकला. दोन्ही शब्द ‘पुल्सारे’ या एकाच लॅटिन क्रियापदातून आले आणि उलट दिशांना गेले.

पण दारावरची चूक दारातच सुधारते, म्हणून तिची काळजी नको. धोका त्या शब्दांचा आहे जे चुकीचे असूनही वाक्य ठीकठाक वाटतं. ‘प्रेतेंदेर’ म्हणजे इरादा असणं. विद्यार्थी लिहितो, ‘आय प्रिटेंड टू फिनिश द रिपोर्ट ऑन फ्रायडे’, आणि साहेबांना कळतं की हा शुक्रवारी अहवाल पूर्ण केल्याचं नाटक करणार आहे. ‘आतुआऊमेंची’ म्हणजे सध्या, पण ‘ॲक्चुअली’ म्हणजे खरं तर. ‘एवेंतुआऊमेंची’ म्हणजे कधीमधी, जमलं तर. ‘इव्हेंच्युअली’ म्हणजे शेवटी एकदाचं. नोकरीच्या मुलाखतीत ‘इव्हेंच्युअली आय वर्क ऑन सॅटरडेज’ म्हटलं की समोरचा गोंधळतो, पण कोणी थांबवून विचारत नाही. गैरसमज तसाच राहतो.

इथे दुरुस्ती करताना एक गोष्ट मी फार दिवस चुकवत होते. मी सांगायचे, ‘प्रिटेंड म्हणजे प्रेतेंदेर नाही.’ विद्यार्थी मान डोलवायचा आणि दोन दिवसांनी पुन्हा ‘प्रिटेंड’. का? कारण मी त्याच्याकडून शब्द काढून घेतला, बदली दिला नाही. इरादा सांगायची वेळ तर येतच राहते. म्हणून जोडीच्या दोन्ही बाजू भरायला हव्यात: प्रेतेंदेर म्हणजे ‘इंटेंड’ किंवा साधं ‘प्लॅन’, आणि ‘प्रिटेंड’ म्हणजे पोर्तुगीज ‘फिंझिर’. तसंच ‘पारेंचिस’ म्हणजे नातेवाईक, ‘रिलेटिव्ह्ज’. ‘पेरेंट्स’ म्हणजे ‘पाइस’. ‘लिव्रारिया’ म्हणजे पुस्तकांचं दुकान. ‘लायब्ररी’ म्हणजे ‘बिब्लिओतेका’. महिन्याला चार-पाच जोड्यांपेक्षा जास्त घेऊ नका. शंभर फसव्या शब्दांची यादी दिलेला विद्यार्थी सगळ्याच ओळखीच्या शब्दांना भ्यायला लागतो, आणि ‘इंपॉर्टंट’, ‘पॉसिबल’, ‘डिफरंट’ असे हजारो शब्द तर त्याला जवळजवळ फुकट मिळालेले असतात. ती श्रीमंती त्याच्याकडून हिरावून घेऊ नये.

शब्दांखाली वाक्याची बांधणीही जुनीच राहते. रायगड जिल्ह्यात रेवदंड्याजवळ कोर्लई नावाचं गाव आहे. पोर्तुगीज तिथून १७४० मध्ये गेले, पण गावातला ख्रिस्ती समाज आजही पोर्तुगीजमधून जन्मलेली आपली बोली बोलतो, तिला ‘नोलिंग’ म्हणजे आमची भाषा म्हणतात. शब्द पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी. शतकानुशतकं मराठीच्या शेजारात राहून शब्दांखालची वाक्यरचना मराठी वळणाची झाली. इंग्रजी शिकणाऱ्याच्या वाक्यात लहान प्रमाणावर असंच घडतं, इंग्रजी शब्द पोर्तुगीज सांगाड्यावर चढतात.

म्हणून ‘इज रेनिंग’ आणि ‘इज इंपॉर्टंट टू स्टडी’. पोर्तुगीज क्रियापदाच्या शेपटीतच कर्ता कळतो, आणि पावसाला तर कर्ता लागतच नाही. आपला पाऊस स्वतः पडतो, त्यामुळे आपण निदान काहीतरी पुढे ठेवतो. इंग्रजीतल्या त्या ‘इट’ला अर्थ नाही, आणि ज्याला अर्थ नाही ते शोधायचं कसं हा विद्यार्थ्याचा प्रश्न रास्त आहे. ब्राझीलमध्ये आणखी एक भर पडते. ‘आहे’ आणि ‘जवळ आहे’ दोन्हीसाठी बोलीत ‘तें’ चालतं, म्हणून ‘हॅव अ प्रॉब्लेम इन द सिस्टिम’. ही चूक ईमेलमध्ये इतकी येते की मी तिच्यासाठी एकच काम देते: पाठवण्याआधी प्रत्येक क्रियापदावर बोट ठेवायचं आणि त्याच्या डावीकडे कुणी उभं आहे का पाहायचं. नसेल तर ‘इट’ किंवा ‘देअर’. हे यांत्रिक आहे, पण चालतं.

आणि वय. ‘तेन्यू त्रिंता आनूस’, माझ्याकडे तीस वर्षं आहेत, म्हणून ‘आय हॅव थर्टी इयर्स’. ही चूक सगळे आधी दाखवतात आणि ती सगळ्यात लवकर जाते.

काळाची चूक मात्र मला जवळजवळ वर्षभर ऐकूच आली नाही. विद्यार्थी म्हणायचे, ‘आय लिव्ह हिअर सिन्स टू इयर्स’, आणि मी पुढे जायचे. पोर्तुगीजमध्ये ‘मोरू आकी आ दोइस आनूस’, क्रियापद वर्तमानकाळी. मराठीत ‘मी इथे दोन वर्षांपासून राहते’, तेही वर्तमानकाळीच. दोन्ही भाषा एकाच बाजूला असल्यामुळे माझ्या कानाला काही खटकत नव्हतं. मराठी शिक्षकांना मी हे कळकळीने सांगेन: जिथे पोर्तुगीज आणि मराठी एकसारखं बोलतात, तिथे आपण सर्वांत कच्चे परीक्षक असतो. ‘एक्सप्लेन मी’, ‘यू लाइक कॉफी?’, ‘मेनी इन्फॉर्मेशन्स’, ‘डू अ मिस्टेक’ या सगळ्या चुका आपल्याकडेही सर्रास होतात. पोर्तुगीजचं ‘फाझेर’ आणि आपलं ‘करणं’ दोघंही ‘डू’ आणि ‘मेक’ वेगळे करत नाहीत. अशा ठिकाणी कानावर विसंबू नका, चांगला शब्दकोश उघडा.

काळ समजावताना ‘हॅव’ दिसला की विद्यार्थी ‘तेन्यू’ आठवतो, आणि तिथे खड्डा आहे. ‘तेन्यू इस्तुदादू’ हे दिसायला ‘आय हॅव स्टडीड’सारखं, पण अर्थ ‘हल्ली वरचेवर अभ्यास करतोय’ असा. एकदाच करून झालेल्या गोष्टीला ते लागू पडत नाही. म्हणून रूपावरून रूप जोडायला देऊ नका. मी फक्त इतकं विचारते: ‘अजून चालू आहे का?’ चालू असेल आणि किती काळ ते सांगायचं असेल, तर ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टू इयर्स’. मुदत असेल तर ‘फॉर’, सुरुवातीचा क्षण असेल तर ‘सिन्स’.

कधी कधी व्याकरण बरोबर असतं आणि चूक फक्त तोंडात असते. ही तपासणी करायला विसरू नका, नाहीतर नसलेला रोग बरा करत बसाल. ब्राझीलच्या उच्चारात शब्दाच्या शेवटी बहुतेक व्यंजनं एकटी उभी राहत नाहीत, मागे ‘इ’ येतो, आणि त्या ‘इ’आधी ‘त’ असेल तर त्याचा ‘च’ होतो, ‘द’चा ‘ज’. फेसबुकचं ‘फेसबुकी’, इंटरनेटचं ‘इंतेर्नेची’. मला सगळे ‘चीचर’ म्हणतात. ‘वर्क्ड’चं ‘वर्केजी’ होतं किंवा शेवट गळूनच जातो, आणि आपल्याला वाटतं भूतकाळ येत नाही. लिहायला द्या, बरोबर लिहितील. यावर मला सापडलेली युक्ती अशी की शेवटच्या व्यंजनाला पुढच्या शब्दातला स्वर द्यायचा: ‘वर्क्ड इन’ हे ‘वर्क्टिन’ असं एका दमात. त्या व्यंजनाला हवा असलेला स्वर तिथे आयता मिळतो, मागून आणावा लागत नाही. याशिवाय शब्दाच्या सुरुवातीचा ‘र’ तिकडे ‘ह’सारखा येतो, ‘रिओ’ ते ‘हिऊ’ म्हणतात, आणि लिहिलेला ‘एच’ पोर्तुगीजमध्ये मुका असतो. त्यामुळे ‘रेड’चं ‘हेड’ होतं आणि भुकेलेला माणूस ‘अँग्री’ असल्याचं सांगतो.

हे उच्चारांचं सगळं ब्राझीलपुरतं. पोर्तुगालचे लोक स्वर वाढवत नाहीत, उलट गिळतात, आणि परदेशी चित्रपट मूळ आवाजात उपशीर्षकांसह पाहत मोठे झाल्यामुळे त्यांचा कान इंग्रजीला सरावलेला असतो. त्यांचे फसवे शब्दही थोडे वेगळे. लिस्बनचा माणूस सर्दी झाल्यावर ‘कॉन्स्टिपेटेड’ आहे म्हणाला तर त्याच्या मनात पोर्तुगालमधला ‘कोंश्तिपादू’ असतो, म्हणजे सर्दी झालेला. २०२२ च्या जनगणनेनुसार ब्राझीलमध्ये २० कोटींहून अधिक माणसं आहेत, तेव्हा बहुधा तुमचा विद्यार्थी तिकडचाच असेल, पण अंगोला किंवा मोझांबिकचाही असू शकतो. पहिल्या तासाला विचारून घ्या.

एका ठिकाणी ही पद्धत चालत नाही. पोर्तुगीजमध्ये ‘इन’, ‘ऑन’ आणि ‘ॲट’ या तिन्हींसाठी मुख्यतः एकच शब्दयोगी अव्यय आहे, ‘एं’, आणि ते पुढच्या शब्दाला चिकटून ‘नू’ किंवा ‘ना’ होतं. त्यामुळे वाक्य पोर्तुगीजमध्ये कितीही वेळा वदवून घेतलं तरी तिथे धरायला काही मिळत नाही. मराठीही फारशी मदत करत नाही, कारण आपण रविवारी, सकाळी आणि रात्री एकाच ‘ई’वर भागवतो. इथे तुकडेच्या तुकडे तोंडी बसवण्याशिवाय मला दुसरा मार्ग सापडलेला नाही. परिचारिकेबरोबर आम्ही सध्या तिच्या ड्यूटीच्या तक्त्यावरून हेच करतोय: ‘ऑन संडे’, ‘ॲट नाइट’, ‘इन द मॉर्निंग’, ‘ॲट सेव्हन’. परवा तिने बहिणीबद्दल चार ओळी लिहून पाठवल्या. नवरा, मुलगा आणि सासू सगळे ‘हर’ होते, आणि त्या सगळ्यांना ती भेटायला जाणार होती ‘इन संडे’.